नॅटली झेमॉन डेव्हिस यांची सोळाव्या शतकातल्या फ्रान्सवरची पुस्तकं : कुठून सुरुवात करावी?

तळटीप

इतिहासकार नॅटली झेमॉन डेव्हिस २१ ऑक्टोबर २०२३ रोजी टोरांटोत वारल्या. ९५ वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते. तेव्हापासून जिथे तिथे त्यांच्या एकाच पुस्तकाचं नाव निघतं, 'द रिटर्न ऑफ मार्टिन गेर' (१९८३). पुस्तक लहान, गोष्ट जबरदस्त, त्यावर सिनेमाही आहे, त्यामुळे बहुतेकांच्या हाती तेच आधी पडतं. ते आधी वाचलं की माणूस 'त्या बाईला खरं माहीत होतं का?' या एकाच प्रश्नात अडकतो आणि बाकीच्या डेव्हिस राहूनच जातात. माझ्या मते सुरुवात 'फिक्शन इन द आर्काइव्ह्ज' (१९८७) पासून करावी.

त्याचा विषय आहे राजाने दिलेली माफी. त्या काळच्या फ्रान्समध्ये खुनाला शिक्षा मृत्यूची. पण खून ठरवून केलेला नसेल, रागाच्या भरात किंवा स्वतःचा जीव वाचवताना झाला असेल, तर राजाकडे माफी मागता येई. त्यासाठी राजाच्या कचेरीतल्या लेखनिकाला सगळी हकीकत सांगायची. तो ती कायद्याच्या चौकटीत बसवून लिहून काढी. माफीचं पत्र हाती आलं तरी सुटका नव्हतीच. ते घेऊन न्यायालयात जायचं, उघड्या डोक्याने गुडघे टेकायचे आणि यात लिहिलंय ते सगळं खरं आहे असं सांगायचं. न्यायाधीशांपुढे गावातल्या साक्षीदारांचे जबाब असत, मेलेल्याच्या घरच्यांना हरकत घेता येई. हकीकत तिथे टिकली नाही, तर पत्र कुचकामी.

म्हणजे गोष्ट नीट सांगता येण्यावर मान वाचणार की जाणार ते ठरायचं. आणि सांगणारे कोण, तर शेतमजूर, खाटीक, सुतार, शिकाऊ कारागीर. ज्यांच्या हातचा कागदाचा एक कपटा एरवी आपल्यापर्यंत पोचला नसता, अशी माणसं. ही पत्रं दफ्तरखान्यांत मोठ्या संख्येने आहेत, आणि गुन्हे, सणवार, खाणंपिणं यांची माहिती काढायला इतिहासकार ती आधीपासून वापरत होते. डेव्हिस यांनी प्रश्नच बदलला. ही माणसं गोष्ट रचतात कशी? सुरुवात कुठून करतात? कुठला तपशील मुद्दाम घालतात?

उदाहरणार्थ सुरी. सुरी जवळ होती हे लपवता येत नाही, मग ती हातात का होती याचं कारण हकीकतीत येतंच. जेवायला बसलो होतो, पाव कापत होतो, तेवढ्यात तो आला आणि घालूनपाडून बोलला. या एका वाक्यात किती काम झालंय बघा. सुरी घरगुती वापराची ठरली, आधी काही ठरलेलं नव्हतं हे सिद्ध झालं, आणि भांडण दुसऱ्याने उकरून काढलं हेही आलं. सणाचा दिवस असेल तर तोही कामी येतो. सगळे मजेत होते, प्यायलेले होते, कोणाच्या मनात काही नव्हतं.

बायकांचं प्रकरण तर पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. माफी मागणाऱ्यांत बायका अगदी थोड्या. पुरुषाला 'डोक्यात राग गेला' एवढं पुरे, कारण पुरुषाचा राग समाजाला आणि कायद्याला समजण्यासारखा वाटे. बाईला तो रस्ता जवळजवळ बंद. तिला वेगळी गोष्ट शोधावी लागे, मारहाणीची, अब्रूची, घर सांभाळण्याची. नवजात बाळाचा मृत्यू किंवा चेटूक असले आरोप असतील तर माफीची आशाच सोडायची.

डेव्हिस ही पत्रं खोटी आहेत असं कुठेही म्हणत नाहीत. खऱ्या घटनेलाही आकार द्यावाच लागतो आणि तो आकार त्या काळाबद्दल बोलतो, असं त्या दाखवतात. हे एकदा मनात मुरलं की 'मार्टिन गेर' वेगळंच वाचलं जातं. तुम्ही कोणी वाचलंय का? काय वाटलं?

सांजपाखरू

सुंदर लिहिलंय. मार्टिन गेरची गोष्ट मला माहीत नाही. थोडक्यात सांगाल का? शेवट फुटला तरी चालेल.

तळटीप

@सांजपाखरू, सांगतो.

पिरेनीज पर्वताच्या उत्तरेला आर्तिगा नावाचं गाव. गेर कुटुंब मूळचं आँदायचं, म्हणजे बास्क मुलखातलं, १५२७ मध्ये इथे येऊन राहिलेलं. मुलगा मार्तँ (इंग्रजीत मार्टिन), त्याचं लग्न अगदी कोवळ्या वयात बर्त्राँद द रोल्स हिच्याशी झालं. आठ वर्षं मूल नाही. करणी झाली म्हणून उपाय केले आणि मग सांक्सी हा मुलगा झाला. १५४८ मध्ये बापाचं धान्य चोरल्याचा आळ आला आणि मार्तँ घर सोडून गेला तो गेलाच.

१५५६ मध्ये एकजण परत आला आणि म्हणाला, मीच मार्तँ. गावाने ओळखलं, चार बहिणींनी ओळखलं, बायकोने घरात घेतलं. त्या संसारात दोन मुली झाल्या, एक जगली. पुढे जमिनीच्या व्यवहारावरून आणि हिशेबावरून चुलता पिएर गेर याच्याशी बिनसलं, आणि चुलत्याने 'हा आमचा मार्तँ नव्हेच' असा धोशा लावला. रिय इथे खटला उभा राहिला. १५० च्या आसपास साक्षीदार. काही म्हणाले हा मार्तँच, काही म्हणाले हा साजासचा आर्नो द्यु तिल, आणि बऱ्याच जणांनी काही सांगता येत नाही म्हणून हात वर केले. गावच्या चांभाराची साक्ष मला फार आवडते : मार्तँच्या बुटाचं माप बारा, याचं नऊ.

शिक्षा झाली, अपील तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं. तिथले न्यायाधीश आरोपीच्या बाजूने झुकले होते. आणि १५६० च्या उन्हाळ्यात, निकाल लागायच्या बेताला, लाकडी पायाचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. खरा मार्तँ. स्पेनमध्ये चाकरीला होता, १५५७ च्या सँ-काँतँच्या लढाईत स्पॅनिश फौजेकडून लढताना पाय गेला. आर्नोला सप्टेंबर १५६० मध्ये आर्तिगात, मार्तँच्याच घरापुढे फाशी दिलं.

त्याच खटल्याचे एक न्यायाधीश जाँ द कोरास यांनी १५६१ मध्ये यावर पुस्तक छापलं. मूळ जबाब आज उरलेले नाहीत, त्यामुळे आपल्याला जे कळतं ते मुख्यतः त्यांच्याकडून.

सांजपाखरू

बाप रे. अंगावर काटा आला. वाचणारच.

मोडीवाचक

पहिल्याच ओळीपासून डोक्यात भाऊसाहेबांचा तोतया घुमतोय. पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, आणि १७७६ मध्ये तोतयाच्या झेंड्याखाली कोकणातून फौज उभी राहिली. त्या सगळ्यात पार्वतीबाई कुठे आहेत, त्यांना काय वाटलं, हा प्रश्न मला कायम छळतो. त्या अखेरपर्यंत सौभाग्यवती म्हणून राहिल्या. डेव्हिससारखं कोणी आपल्या दफ्तरांकडे पाहिलं तर काय हाती लागेल!

माफीपत्रांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला रोजच्या कामात पटतं. करीन्यात (वादातल्या लेखी हकीकतीत), महजरात (पंचांच्या निवाडपत्रात) माणूस जे सांगतो ते कोणाला तरी पटवण्यासाठी सांगतो. आपण मात्र त्यातून तारखा आणि नावं उचलतो आणि बाकीचं सोडून देतो.

तळटीप

@मोडीवाचक, तोतयाची आठवण मलाही झाली होती. एक फरक मात्र मोठा आहे. भाऊंच्या तोतयामागे दौलतीचं राजकारण होतं, त्याला मानणं म्हणजे पक्ष घेणं. आर्तिगात गादी नव्हती. होती ती थोडी जमीन आणि एक अंथरूण. म्हणूनच बर्त्राँदच्या मनाचा प्रश्न तिथे इतका टोकदार होतो.

रानजाई

मी दोन्ही वाचली आहेत आणि मार्टिन गेरबाबत माझं मत डेव्हिस यांच्या विरुद्ध आहे. लेखनशैली अप्रतिम, वाद नाही. पण बर्त्राँदला सुरुवातीपासून किंवा थोड्याच दिवसांत कळलं, आणि तिने त्या माणसाबरोबर जाणूनबुजून संसार उभा केला, याला पुरावा काय? कोरास तर तिला फसवली गेलेली बाई म्हणतात. खरा नवरा आल्यावर ती त्याच्या पाया पडून माफी मागते. रॉबर्ट फिनले यांनी १९८८ मध्ये 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'त हाच आक्षेप घेतला होता, की आजच्या वाचकाला आवडेल अशी स्वतंत्र, हुशार नायिका डेव्हिस यांनी कागदांवर लादली. पुस्तकात 'कदाचित', 'असावं', 'वाटलं असेल' किती वेळा येतं ते पाहा.

शिवाय, चार सख्ख्या बहिणी फसल्या, मग आठ वर्षांनी भेटलेली बायको का फसू नये? एवढ्या कोवळ्या वयात लग्न, त्यातली कितीतरी वर्षं दुराव्याची. तिला नवरा कितीसा ठाऊक असणार?

तळटीप

@रानजाई, बहिणींचा मुद्दा वजनदार आहे. तरी कोरास यांनीच नोंदवलेल्या दोन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत.

चुलता आणि त्याचे जावई त्या माणसाला मारायला धावले तेव्हा बर्त्राँद मध्ये पडली आणि स्वतःच्या अंगाने त्याला झाकलं. पुढे तो दुसऱ्या एका आरोपातून तुरुंगातून सुटून घरी आला, त्या रात्री तिने त्याला पांढरा सदरा दिला, त्याचे पाय धुतले, त्याच्याजवळ झोपली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला धरलं गेलं ते तिच्याच नावाच्या फिर्यादीवर. फिर्यादीमागे चुलता होता, आणि तो तिच्या विधवा आईचा नवराही होता. न्यायालयात आरोपी तिला म्हणाला, मी तुझा नवरा नाही अशी शपथ घे, मी मरायला तयार आहे. ती गप्प राहिली.

आता पाया पडून मागितलेली माफी. ती 'हो, मला माहीत होतं' म्हणाली असती तर काय झालं असतं? व्यभिचाराचा आरोप. म्हणून माझं म्हणणं की माफीपत्रांचं पुस्तक आधी वाचा. 'मी अबला, मला फसवलं, सगळ्या घराने ओळखलं म्हणून मीही ओळखलं' ही गोष्ट खरी असू शकते. पण जीव आणि मूल वाचवायला तिच्याजवळ होती तीही हीच एक गोष्ट. कोरास तिचं म्हणणं लिहून ठेवतात म्हणून ते तिच्या मनातलं ठरत नाही.

'कदाचित'बद्दल : डेव्हिस यांनी प्रस्तावनेतच सांगितलंय की यातला काही भाग त्यांनी रचलेला आहे आणि त्या काळच्या आवाजांनी तो आवरून धरला आहे. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. जे 'कदाचित' न लिहिता तेच तर्क विधान म्हणून छापतात त्यांची मला जास्त भीती वाटते.

वकिली_बाणा

कायद्याच्या बाजूने एक भर. निकालात न्यायालयाने त्या मुलीला, बेर्नार्दला, औरस ठरवलं. आधार असा की आईने सद्भावनेने, हा आपला नवराच असं समजून संबंध ठेवला. आर्नोची मालमत्ताही तिला दिली. म्हणजे आईला खरं ठाऊक होतं असं सिद्ध झालं असतं तर मुलगी अनौरस झाली असती. तळटीप म्हणतात ते मला पटतं, या परिस्थितीत कुठलाही वकील तिला दुसरं काही बोलूच देणार नाही.

दुसरं, नवरा परागंदा झालेल्या बाईला त्या कायद्यात पुनर्विवाहाची वाट नव्हती. मृत्यूचा पुरावा हवा, कितीही वर्षं लोटली तरी. नवरा नाही, विधवाही नाही. तिच्यापुढचे पर्याय मोजले की डेव्हिस यांचा तर्क वाऱ्यावरचा वाटत नाही.

रानजाई

@वकिली_बाणा, औरसपणाचा मुद्दा माझ्या वाचनातून निसटला नव्हता, पण तो दोन्हीकडे लागतो. तिला कारण होतं, एवढंच त्यातून निघतं. कारण असणं आणि तसं केलेलं असणं यात अंतर आहे, हे तुम्ही वकील असून मी सांगायला नको. पाय धुण्याचंही तेच. नवरा समजूनही बाई हेच करेल.

माझी तक्रार एवढीच की डेव्हिस यांनी दोन्ही शक्यता शेजारी शेजारी ठेवायला हव्या होत्या. त्यांनी एकीला पुस्तकभर जागा दिली. त्या काळचा फ्रेंच निबंधकार माँतेन याने याच खटल्यावर लिहिलंय की फाशी देण्याइतकी खात्री कोरास यांना कशी वाटली? आम्हाला यातलं काही कळत नाही, असं न्यायालयांनी कधीतरी म्हणावं. मी माँतेनच्या बाजूची.

तळटीप

माँतेनला डेव्हिस यांनीही पुस्तकाच्या शेवटी बोलावलंय, आणि फिनले यांना दिलेल्या उत्तराचं नावही त्याच्या निबंधावरूनच घेतलंय. तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण या पुस्तकावरचा सगळ्यात चांगला आक्षेप हाच आहे.

सिनेमास्कोप

सिनेमा १९८२ चा, दिग्दर्शक दानिएल व्हिन्य. जेरार दपार्द्यू आणि नाताली बाय. डेव्हिस स्वतः सल्लागार होत्या. बायचं काम बघाच, ती डोळ्यांनी जे करते त्यावर रानजाई आणि तळटीप दोघंही आपापला पुरावा काढतील. बास्क पार्श्वभूमी आणि गावात शिरत असलेला प्रोटेस्टंट पंथ सिनेमात आला नाही, आणि हे जे निसटलं ते सांगण्यासाठीच त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं.

जुळारी

सगळे मार्टिन गेरवर तुटून पडलेत, म्हणून मी पहिल्या पुस्तकाची बाजू घेतो. 'सोसायटी अँड कल्चर इन अर्ली मॉडर्न फ्रान्स' (१९७५), आठ निबंध. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्यातलं लिआँ शहर म्हणजे घरचं अंगण.

लिआँ तेव्हा युरोपातल्या मोठ्या छपाईकेंद्रांपैकी एक. तिथल्या रोजंदारी कारागिरांची 'ग्रिफारँ' नावाची गुप्त संघटना होती. खिळे जुळवणारे, शाई लावणारे, दाब ओढणारे, सगळे त्यात. १५३९ मध्ये त्यांनी मोठा संप केला, मजुरी आणि मालकाकडून मिळणाऱ्या जेवणावरून. हीच माणसं पुढे नव्या पंथाची स्तोत्रं मोठ्याने गात रस्त्यातून मिरवणुका काढू लागली. आता नेहमीचा इतिहास म्हणेल, गरीब होते, पिचलेले होते, म्हणून धर्म बदलला. डेव्हिस यांनी लिआँच्या प्रोटेस्टंटांची व्यवसायवार मांडणी केली आणि दाखवलं की पंथ गरीब-श्रीमंत अशा सरळ रेषेवर विभागलेला नव्हता, मालक आणि त्यांचे संपकरी कामगार दोन्ही त्यात होते. जिथे कसब नवं, अंगात आत्मविश्वास आणि वाचता येणारे हात जास्त, तिथे तो पसरला. आणि सत्ता हाती आल्यावर पंथाच्या वडीलधाऱ्यांनी कारागिरांच्या गुप्त संघटनेवरच डोळे वटारले, तेव्हा त्यातले बरेच जण परत फिरले. कामगाराला स्वतःचं डोकं असतं हे मानून लिहिलेला इतिहास आहे हा.

याच कारागिरांचं लिआँत एक सणाचं मंडळही होतं, त्याचा म्होरक्या 'छपाईतल्या चुकीचा सरदार' म्हणून मिरवायचा. फ्रान्सभर अशी मंडळं असत. बायकोचा मार खाणारे नवरे, तरुण पोरीशी लग्न करणारे म्हातारे यांची गाढवावरून धिंड काढायची, रात्री दाराशी भांडी बडवायची. दिजाँच्या मंडळाने १५७६ मध्ये राजाच्या नद्या-जंगलांच्या बड्या अधिकाऱ्यालाच धरलं, बायकोला मारतो म्हणून आणि राखायला दिलेली जंगलं स्वतःच्या फायद्यासाठी तोडतो म्हणून. हुल्लड समाजाची घडी पक्की करते आणि तिच्यावर टीकाही करते, दोन्ही एकाच वेळी, हे त्यांचं सांगणं मला कायमचं लक्षात राहिलं.

उत्तरध्रुव

टोरांटोतून लिहिते. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे यायलाच हवी. १९५२ मध्ये लिआँच्या दफ्तरखान्यात काम करून त्या मिशिगनला परतल्या, आणि लवकरच सरकारची माणसं घरी येऊन नवरा-बायकोचे पासपोर्ट घेऊन गेली. मॅकार्थीचा काळ, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांचा छळ चालला होता तो. पती चँडलर डेव्हिस गणितज्ञ होते, संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून विद्यापीठाने काढलं, १९६० मध्ये तुरुंगवास झाला. दफ्तरखान्याची दारं बंद झालेली एक तरुण संशोधक, पदरात लहान मुलं. त्यांनी मग अमेरिकेतल्या ग्रंथालयांत सोळाव्या शतकात छापलेली लिआँची पुस्तकं काढून वाचायला सुरुवात केली. खतपत्रांपलीकडे पुस्तक या वस्तूकडे त्यांचं लक्ष गेलं ते या सक्तीतून. पुढे त्या बर्कली, प्रिन्स्टनला शिकवत होत्या, पण टोरांटो विद्यापीठात १९७१ मध्ये जिल केर कॉनवे यांच्याबरोबर त्यांनी स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा असे वर्ग फारच थोडे होते.

सांजपाखरू

@उत्तरध्रुव, हे माहीत नव्हतं. मग बर्त्राँदकडे, माफी मागणाऱ्यांकडे त्या अशा का बघतात ते थोडं कळतं. कोणापुढे काय बोलायचं आणि काय नाही, हे घरातच भोगलेलं.

मोडीवाचक

१९७५ च्या पुस्तकातला 'द राइट्स ऑफ व्हायोलन्स' कोणी वाचलाय का? धर्मयुद्धाच्या काळातल्या दंगलींवरचा. मला तो पचवायला जड गेला.

तळटीप

@मोडीवाचक, जड आहेच. जमाव म्हणजे पिसाळलेली, भुकेली झुंड, ही समजूत त्या खोडून काढतात. पावाचे भाव आणि दंगलीच्या तारखा जुळत नाहीत. जुळतात त्या मिरवणुका, प्रवचनं, सण. कॅथलिक जमाव माणसांच्या देहांवर तुटून पडतो, प्रेतं नदीत टाकतो, जाळतो, कारण त्याच्या लेखी शहर विटाळलंय आणि पाणी-अग्नीने ते शुद्ध होणार. प्रोटेस्टंट जमाव मूर्ती फोडतो, संतांचे अवशेष विटंबतो, पाद्र्यांना धरतो, कारण त्याच्या लेखी विटाळ त्या वस्तूंत आहे. आणि दोघेही मारण्याआधी खोटे खटले भरतात, धर्मगुरूची आणि न्यायाधीशाची नक्कल करतात, म्हणजे आपण करतोय ते योग्यच आहे असं त्यांना वाटत राहतं. दहा-बारा वर्षांची पोरंही त्यात असत.

प्रोटेस्टंटांच्या सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीनंतर, ऑक्टोबर १५७२ मध्ये, तुलूझमध्ये ज्यांना ठार केलं त्यांत जाँ द कोरास होते. आपल्या खटल्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचवणारा माणूस अशाच जमावाच्या हाती गेला.

जमाव वेडा नव्हता, हे मान्य करणं त्याला माफ करणं आहे का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते उलट आहे. वेडा म्हटलं की आपण सुटतो.

रानजाई

याबाबत मी पूर्ण सहमत. डेव्हिस यांचं सर्वोत्तम लेखन माझ्या लेखी हा निबंध. इथे एकही 'कदाचित' लागत नाही.

वकिली_बाणा

'द गिफ्ट इन सिक्स्टीन्थ-सेंचुरी फ्रान्स' (२०००) बद्दल कोणीच बोललं नाही. मागवायचा विचार आहे.

तळटीप

@वकिली_बाणा, तुमच्यासाठीच आहे ते. देणगी, विक्री आणि जबरदस्ती हे देवघेवीचे तीन प्रकार त्या काळी एकाच वेळी कसे चालत, त्यांच्या सीमा कुठे पुसट होत, यावर आहे. नववर्षाच्या भेटी, पुस्तकांच्या अर्पणपत्रिका, विद्या ही देवाची देणगी मग गुरूने आणि वैद्याने पैसे घ्यावेत की नाही, असं बरंच काही. आणि न्यायाधीशांवर झकास मजकूर आहे. पक्षकार न्यायाधीशाला शिकार, दारू पाठवत. मसाल्याचे पदार्थ भेट द्यायची रीत होती, तिची पुढे ठरलेली फीच होऊन बसली, आणि नाव मात्र 'मसाले' हेच राहिलं. कुठली भेट रिवाजाची आणि कुठली निकाल विकत घ्यायची, यावर तेव्हाही खटके उडत. वाचून झालं की वेगळा धागा काढा, मी आहेच.